कांबळे मॅडमना न कळलेलं

कांबळे मॅडमना समुपदेशन येत होतं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पावणेदोन वर्षं मी त्यांच्या शेजारच्या खोलीत बसले. त्यांची चौकशी झाली तेव्हा समितीपुढे मीही गेले. आज त्यांच्या खुर्चीत मी बसते. तरी कुणी विचारलं, "कशा होत्या हो त्या?" तर मी चहा मागवते आणि विषय बदलते.

मानसशास्त्रात एम.ए. करून आणि एका मनोविकारतज्ज्ञांकडे वर्षभर उमेदवारी करून मी विद्यापीठाच्या समुपदेशन कक्षात कंत्राटावर लागले. आमचं विद्यापीठ हडपसरच्या पुढे, सोलापूर रस्त्याच्या बाजूला. शनिवार पेठेतून दोन बस बदलून पहिल्या दिवशी पोचले तर कक्षाच्या दाराशी ही मोठी रांग. मला भरून आलं. इतकी मुलं मन मोकळं करायला येतात! मग कळलं की ही सगळी मंडळी प्रवेशफेरीच्या 'कौन्सेलिंग'साठी आली होती. दारावरची पाटी वाचून हातात फायली घेऊन उभी होती, कुठल्या शाखेला जागा शिल्लक आहे ते विचारायला.

मी त्यांना दुसऱ्या इमारतीकडे पाठवायला लागले. तेवढ्यात आतून एक बाई आल्या. पंचावन्नच्या आसपास, सुती साडी, चष्मा हातात. रांगेत पुढे उभ्या असलेल्या एका गृहस्थांना म्हणाल्या, "या, आत बसा."

"मॅडम, ते प्रवेशाचं त्या इमारतीत आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे. पण हे इथं आलेत ना?"

ते गृहस्थ लातूरहून मुलीला घेऊन आले होते. मुलगी बाहेर बाकावर बसली आणि बाप आत पाऊण तास बसला. बाहेर आला तेव्हा डोळे लाल. मुलीचा प्रवेश, घरी आजारी असलेली बायको, मुलगी लांब गेल्यावर घरात उरणारी शांतता, असं काय काय बोलून झालं होतं म्हणे. मग मॅडम त्या दोघांना प्रवेश कक्षापर्यंत सोडायला स्वतः गेल्या आणि वीस मिनिटांनी तिघंही कँटीनच्या मागच्या बाजूनं परत आली. मॅडमना रस्ता सापडला नव्हता. त्या आवारात त्या नऊ वर्षं नोकरी करत होत्या.

त्यांचं नाव रत्नमाला कांबळे. मूळच्या समुपदेशक त्या नव्हेतच. आधी दुसऱ्या एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागात कारकून होत्या. गुणपत्रिका आणि पुनर्मूल्यांकनाचे अर्ज जिथे घेतात त्या खिडकीत बरीच वर्षं काढली. नापास झालेली मुलं त्या खिडकीशी यायची, अर्ज भरून झाला तरी हलायची नाहीत. चाळिशी उलटल्यावर बाहेरून परीक्षा देत त्यांनी मानसशास्त्राची पदवी घेतली आणि पुढे आमच्या विद्यापीठानं कक्ष काढला तेव्हा अर्ज केला. "खिडकीला काच होती," त्या एकदा म्हणाल्या, "मुलं काय बोलतात ते नीट ऐकू यायचं नाही. म्हणून इकडे आले." हे खरं कारण होतं की त्या मला चिडवत होत्या, कोण जाणे.

त्यांच्याकडे आलेल्या मुलांशी त्या अहो-जाहो करत. अठरा वर्षांचा पोरगा दार ढकलून आत आला की, "या सागर, बसा." पोरगं मागे वळून बघायचं, आणखी कुणी सागर आलाय का म्हणून. याचं कारण मी तीन वेळा ऐकलं आणि तिन्ही वेळा वेगळं. उपकुलसचिवांना त्या म्हणाल्या, "नावं लक्षात राहत नाहीत. अहो म्हटलं की भागतं." एका मुलीला म्हणाल्या, "तुम्ही मतदार आहात." आणि मला, एकदा बिबवेवाडीतल्या त्यांच्या घरी जेवायला बोलावलं होतं तेव्हा, भाकरी थापता थापता म्हणाल्या, "माझ्या वडिलांना त्यांच्या साहेबानं तीस वर्षं अरे म्हटलं. निवृत्तीच्या दिवशी हार घालताना म्हणाला, अरे, मान खाली कर." आमच्या घरी कुणाला अरे म्हणायचं आणि कुणाला अहो, हे कधी शिकवावं लागलं नव्हतं. ते कसं आपोआप येत होतं, याचा विचार मी त्या दिवशी बसमध्ये पहिल्यांदा केला.

पण खरी पंचाईत व्हायची ती त्यांच्या एका वाक्यानं. "मला कळलं नाही." दिवसातून वीस वेळा. आम्हाला शिकवलेलं असतं की समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगायचं, त्याला समजून घेतल्याचा दिलासा द्यायचा. मॅडम सरळ कपाळाला आठ्या घालून म्हणायच्या, मला कळलं नाही. सुरुवातीचे काही महिने मला खात्री होती की बाईंना खरोखरच कळत नाही.

आमच्या दोघींच्या खोल्यांमध्ये प्लायवुडचं पार्टिशन होतं. त्यातून सगळं ऐकू यायचं. त्याबद्दल आम्ही तीनदा लेखी तक्रार केली होती. एकदा इंजिनिअरिंगचा एक मुलगा आला, आदित्य नावाचा.

"मॅम, ॲक्च्युअली मला खूप ओव्हरथिंकिंग होतं. अँक्झायटी पण आहे. मे बी काहीतरी ट्रॉमा असेल."

"मला कळलं नाही."

"म्हणजे लाइक, माइंड कंटिन्युअस चालू राहतं."

"ते माझंही राहतं. काल दुपारी एक वाजता तुम्ही कुठं होता?"

"एक वाजता? मेसमध्ये."

"काय केलंत तिथं?"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "ताट घेऊन उभा राहिलो."

"मग?"

"कुठल्या टेबलावर बसायचं ते कळेना. सगळ्यांचे ग्रुप असतात. मग ताट ठेवून दिलं."

"आणि परवा?"

"परवा पण."

"मग जेवता कुठं?"

"नाही जेवत, मॅम."

मी इकडे पेन खाली ठेवलं. मी असते तर अँक्झायटीची प्रश्नावली काढून भरून घेतली असती. ती चांगली प्रश्नावली आहे, पण तिच्यात ताटाचा प्रश्न नाही.

पुढचा आठवडाभर मॅडम आपला डबा घेऊन मुलांच्या मेसमध्ये जेवायला गेल्या. आदित्यच्या टेबलावर नाही, दोन टेबलं सोडून. मला ते बरोबर वाटेना. समुपदेशकानं खोलीबाहेर आपल्याकडे येणाऱ्या मुलांच्या आयुष्यात शिरू नये, हा आमच्या व्यवसायातला पहिला धडा. मी तसं म्हणालेही.

"असेल बाई," मॅडम म्हणाल्या. "मला तिथली आमटीही बघायची होती."

"मग?"

"त्यांचं जेवण सुटलं यात त्यांचा दोष कमी आहे."

आदित्य पुढे जेवायला लागला. मॅडममुळे, की सत्र बदलून नवीन मुलं आली म्हणून, ते सांगता येत नाही. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, "मला काय माहीत?"

मग ऋतुजा आली. लोणी काळभोरजवळच्या एका वाडीवरची, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, विषय संख्याशास्त्र. वडिलांची रोपवाटिका होती. ती दर बुधवारी मॅडमकडे यायची. झोप लागत नाही, एवढंच सांगायची. कारण दर वेळी वेगळं असायचं: एकदा परीक्षा, एकदा मैत्रिणीशी भांडण, एकदा घरातल्या लग्नाच्या गोष्टी. मॅडम दर वेळी म्हणायच्या, मला कळलं नाही, आणि ती दर वेळी म्हणायची, मला पण.

सहाव्या बुधवारी मॅडम दाताच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या, यायला उशीर झाला. म्हणून ऋतुजा माझ्यासमोर बसली. त्या दिवशी वेगळीच दिसत होती. केस नीट विंचरलेले, चेहरा शांत. "आता बरं वाटतंय मला," म्हणाली. "झोप लागते. काही टेन्शन नाही." मी खूश झाले. वीस मिनिटं आम्ही छान गप्पा मारल्या. निघताना तिनं पिशवीतून आपला कॅल्क्युलेटर काढून माझ्या टेबलावर ठेवला. "कुणाला तरी उपयोगी पडेल," म्हणाली. मला ते आभार मानणं वाटलं. ती गेल्यावर मी फायलीत लिहिलं: लक्षणीय सुधारणा.

पाचच मिनिटांत मॅडम आल्या, गाल सुजलेला. फाटकाशी ऋतुजा भेटल्याचं म्हणाल्या. मी आनंदानं सगळं सांगितलं. त्यांनी माझी नोंद वाचली. मग टेबलावरचा कॅल्क्युलेटर उचलला.

"हे कुणाचं?"

"ऋतुजानं दिलं. कुणाला तरी उपयोगी पडेल म्हणून."

मॅडम तो हातात घेऊन उभ्या राहिल्या. "आठ दिवसांपूर्वी डोळा मिटत नव्हता," त्या म्हणाल्या. "आज एकदम बरं? आणि परीक्षा तर पुढच्या महिन्यात आहे ना यांची?"

हे सगळं मी पुस्तकात वाचलं होतं. मनात काही ठरवून टाकलेला माणूस कधीकधी अचानक शांत होतो, आपल्या वस्तू देऊन टाकतो. मी त्यावर परीक्षेत दहा गुणांचं उत्तर लिहिलं होतं. आणि माझ्यासमोर बसून कुणी तेच केलं तेव्हा मी त्याला सुधारणा म्हटलं होतं.

"मॅडम, फोन करू या तिला. डॉक्टरांना कळवू."

"तुम्ही करा फोन," मॅडम म्हणाल्या, पर्स उचलली आणि बाहेर पडल्या. फोन बंद होता. मी परत परत लावत राहिले. आमच्याशी संलग्न असलेल्या डॉक्टरांना कळवलं. मॅडमचा फोन त्यांच्या टेबलावरच वाजत होता.

पुढचं मला मॅडमनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. ऋतुजा थांब्यावर सापडली. बस आली, ती चढली, मॅडमही चढल्या. तिच्या शेजारी बसल्या. बस लगेच खच्चून भरली.

"मग काय म्हणालात तुम्ही?" मी विचारलं.

"विचारलं. ऋतुजा, मरायचा विचार आहे का तुमचा?"

"असं? बसमध्ये?"

"दुसरं काय विचारणार? पुढच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली."

"आणि ऋतुजा?"

"म्हणाली, तुम्ही वेड्या आहात का? आणि खिडकीबाहेर बघत बसली."

"म्हणजे हो की नाही?"

"तेच मला कळलं नाही. म्हणून तिच्याबरोबर उतरले."

हे सांगताना मॅडम ऋतुजाबद्दल पहिल्यांदा एकेरीत बोललेल्या मी ऐकल्या. त्यांच्या ते लक्षात आलं होतं की नाही, माहीत नाही.

त्या वाडीवर गेल्या, ओट्यावर बसल्या. ऋतुजाच्या आईबरोबर मटार सोलले. संध्याकाळपर्यंत हलल्या नाहीत. ऋतुजा आतल्या खोलीत. निघताना ऋतुजाला बाहेर बोलावलं आणि तिच्यासमोर तिच्या आईला सांगितलं, "यांना काही दिवस एकटं ठेवू नका. रागावू नका. उद्याच डॉक्टरांकडे न्या, हा पत्ता." आईनं कागद घेऊन कमरेला खोचला.

आठ दिवसांनी तक्रार आली. तक्रार वडिलांची होती. विद्यापीठानं नेमलेल्या चौकशी समितीपुढे ते टोपी हातात घेऊन उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"आमची पोरगी येडी हाय का?" ते म्हणाले. "समद्या वाडीनं इचारलं, कोन बाई आल्ती, कशापायी आल्ती. बसमदी मरायचं इचारलं म्हने. एक स्थळ चाललं व्हतं, तेबी गेलं. आता न्हाय धाडायची कालेजात. बास झालं."

ऋतुजाचं कॉलेजात येणं त्या बुधवारपासूनच थांबलं होतं. शेवटच्या सत्राच्या परीक्षेला ती बसली नाही.

समितीचे अध्यक्ष वाणिज्य विभागाचे प्राध्यापक होते, सभ्य माणूस. त्यांनी मॅडमना विचारलं, "तुम्ही विद्यार्थिनीच्या घरी का गेलात?"

"मला कळलं नाही म्हणून."

"काय कळलं नाही?"

"त्या एकदम बऱ्या कशा झाल्या ते."

"पण तुमच्या सहकाऱ्यांनी त्याच दिवशी नोंदीत 'लक्षणीय सुधारणा' असं लिहिलंय."

"हो," मॅडम म्हणाल्या. "त्यांचं अक्षर चांगलं आहे."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. "त्या भेटीत तुम्हाला काही वेगळं, काळजी करण्यासारखं आढळलं होतं का?"

कॅल्क्युलेटर माझ्या ड्रॉवरमध्ये होता. मी तो कुणाला दिला नव्हता आणि फायलीत त्याची नोंदही केली नव्हती. आता तो काढायचा म्हणजे मला काय दिसलं नाही ते सगळ्यांपुढे मांडायचं. मॅडमनी चष्मा काढला होता आणि त्या पदरानं काच पुसत होत्या. त्या बोलतील, असं मला वाटलं. त्यांची नोकरी त्या एका वस्तूवर वाचली असती.

"नाही," मी म्हणाले.

मॅडमनी चष्मा लावला आणि खिडकीकडे पाहिलं.

मॅडमचं कंत्राट संपल्यावर त्याचं नूतनीकरण झालं नाही. शेवटच्या दिवशी त्यांची दोन पुस्तकं आणि डबा पिशवीत भरताना मी धीर करून विचारलं, "मॅडम, तुम्ही कॅल्क्युलेटरचं का नाही सांगितलंत?"

"कुठला कॅल्क्युलेटर?"

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. त्या मला वाचवत होत्या की खरंच विसरल्या होत्या? ज्या बाईला नऊ वर्षांत प्रवेश कक्ष सापडला नाही तिच्या बाबतीत दोन्ही शक्य होतं. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्या म्हणाल्या, "बस चुकेल माझी." मी पिशवी घेऊन त्यांना थांब्यापर्यंत सोडलं. वाटेत त्या दाताच्या डॉक्टरबद्दल बोलल्या.

साधारण वर्षानं एका दुपारी दारात ऋतुजा उभी. थोडी जाड झालेली, केस आखूड. राहिलेल्या परीक्षेचा अर्ज भरायला आली होती. आईनं वडिलांशी महिनाभर अबोला धरला होता, तेव्हा कुठे ते तयार झाले.

"त्या कांबळे मॅडम कुठे असतात?" तिनं विचारलं.

"का गं?"

"मला भांडायचंय त्यांच्याशी. खूप भांडायचंय."

मी तिला पाणी दिलं. ती बोलत सुटली. मॅडममुळे तिचं वर्ष गेलं, वाडीत तोंड दाखवायची सोय राहिली नाही, आईनं तिला डॉक्टरकडे नेलं, आठ महिने गोळ्या, घरातलं कुणी ना कुणी सतत पाळतीवर. मी ड्रॉवर उघडून कॅल्क्युलेटर तिच्यासमोर ठेवला.

"हा तू मला दिला होतास. आठवतंय?"

तिनं तो उलटासुलटा करून पाहिला. "हो. बिघडला होता हा. आठचा आकडा उमटायचा नाही."

मी तिच्यासमोरच बटण दाबलं. आठ स्वच्छ उमटला.

"तेव्हा उमटत नव्हता," ती म्हणाली.

आम्ही दोघी त्या आठाकडे बघत बसलो. तिला आणखी काही विचारण्याचं मला धाडस झालं नाही. तिनं कॅल्क्युलेटर पिशवीत टाकला. मी मॅडमना फोन करून त्यांचा नंबर तिला देऊ का विचारलं. "द्या की," त्या म्हणाल्या. "रविवारी घरीच असते मी."

पुढे तीन-चार आठवड्यांनी मीच पुन्हा फोन केला.

"आल्या होत्या," मॅडम म्हणाल्या. "दोन तास भांडल्या."

"काय म्हणाली?"

"बसमध्ये विचारायला नको होतं म्हणाल्या. ते बरोबर आहे त्यांचं. आईला सांगायला नको होतं म्हणाल्या. ते मी पुन्हा सांगेन. मग त्या रडल्या. मग मी. मग जेवलो."

"पण मॅडम, त्या दिवशी तिच्या मनात खरंच तसं काही…"

"विचारलं नाही मी."

"का?"

"आता विचारून काय करू? समोर बसून वांग्याची भाजी खात होत्या. दुसऱ्यांदा वाढून घेतली."

मला अध्यक्षांपुढचं ते 'नाही' त्यांना सांगायचं होतं. समितीच्या खोलीत त्यांनी ते ऐकलं होतंच, पण मला ते स्वतःच्या तोंडानं पुन्हा सांगायचं होतं. फोनवर मी बराच वेळ गप्प राहिले. पलीकडे त्याही गप्प राहिल्या. फोन ठेवलाही नाही. शेवटी कुणीतरी त्यांची बेल वाजवली.

गेल्या महिन्यात मी रिक्षानं बिबवेवाडीतून चालले होते. भर दुपार, लख्ख ऊन. सिग्नलला शेजारी एक ड्रायव्हिंग स्कूलची छोटी गाडी येऊन थांबली, टपावर लाल अक्षरात 'एल'ची पाटी. चालकाच्या जागेवर कांबळे मॅडम. सीट पुढे ओढून स्टिअरिंगला अगदी चिकटून बसल्या होत्या. शेजारी शिकवणारा माणूस हात हलवून काहीतरी सांगत होता. मी हाक मारायला वाकले. तेवढ्यात हिरवा दिवा लागला आणि मॅडमची गाडी जागीच बंद पडली. मागून हॉर्नचा कल्लोळ. एक दुचाकीवाला मुद्दाम खिडकीशी थांबून काहीतरी लागट बोलला. मॅडमनी त्याच्याकडे वळून पाहिलं आणि स्टिअरिंग सोडून त्याला दोन्ही हात जोडून व्यवस्थित नमस्कार केला. तो गांगरला आणि निघून गेला. मग गाडी सुरू झाली, दोन आचके खाल्ले. वळणाचा दिवा लावायच्या नादात वायपर सुरू झाले. आणि कोरड्या काचेवर ते खरखर फिरवत मॅडम चौक ओलांडून डावीकडे गेल्या.